आठ क्वार्टर्सचे साहेब

समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा. पेन निघायचं, टोपण उघडायचं, आणि चष्म्याच्या वरून बघत ते विचारायचे, "लेखी आहे का?"

हा प्रश्न सगळ्यांना सारखाच. भंगारवाल्याला, टेलिफोनच्या लाइनमनला, आणि मेंढरांना पाणी पाजायला गेटाशी आलेल्या एका मेंढपाळालासुद्धा. तो बिचारा नाही म्हणाला, तेव्हा साहेबांनी कोरा कागद घेतला, त्याच्या वतीने स्वतःच अर्ज लिहिला, त्याचा अंगठा उमटवून घेतला, खाली 'मंजूर' असं लिहून सही केली, आणि मग मेंढरं नळावर सोडली. तोवर दोन मेंढरं त्यांच्याच टेबलाखाली येऊन बसली होती.

त्यांना सगळे साहेबच म्हणत, मीही तेच म्हणते.

आमची ओळख झाली ती एका बंद पडलेल्या कचेरीत. जळगावहून नशिराबादकडे जाताना हायवेला लागून एक मोठं आवार होतं. कपाशीतून सरकी वेगळी करायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचं हे मुख्य ऑफिस. गावाबाहेर, मोकळ्या हवेत ऑफिस हवं अशी मालकांची हौस. तीन मजली इमारत, पुढे हिरवळ, मागे कॅन्टीन, पाहुण्यांसाठी बंगला, आणि अगदी टोकाला शिपाई, ड्रायव्हर, माळी, वायरमन अशा लोकांसाठी आठ क्वार्टर्स. ऐंशीच्या दशकात कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली, टेबलं-कपाटं ट्रकमधून मुंबईला गेली आणि इथे कुलूप लागलं. नव्वदीच्या सुरुवातीला एका बिल्डरने सगळं आवार विकत घेतलं. इमारतीत दुकानं आणि मंगल कार्यालय, हिरवळीवर प्लॉट, मागे रो-हाउस अशी योजना होती. मी धुळ्याच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेली, जळगावात सासर असलेली, तिशीला टेकलेली बाई. या कामावर साइट इंजिनिअर म्हणून मला नोकरी मिळाली.

पहिल्या दिवशी टेप घेऊन इमारतीत शिरले, तर तळमजल्यावरच्या एका खोलीत टाय लावलेले एक गृहस्थ टेबलामागे बसलेले. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, आत वीज नाही, आणि यांच्या गळ्यात टाय. ते कंपनीचे प्रशासन अधिकारी होते. सगळे गेले तेव्हा आवाराची राखण करायला त्यांना मागे ठेवलं होतं, आणि खरेदी झाली तेव्हा बिल्डरने, म्हणजे आमच्या शेठनी, त्यांनाही ठेवून घेतलं. पाइप कुठून जातो, कुठल्या किल्लीने कुठलं दार उघडतं, हे माहीत असलेले ते एकटेच होते.

"इमारतीची मापं घ्यायची आहेत," मी म्हणाले.

"लेखी आहे का?"

"साहेब, इमारत आता शेठची आहे. मी त्यांचीच माणूस."

"मान्य," ते म्हणाले. "पण मी तुम्हाला ओळखत नाही ना. उद्या कोणी विचारलं, ही बाई इथे काय मोजत होती, तर मी काय दाखवू?"

मी चिठ्ठी आणली. त्यांनी ती फाइलला लावली आणि मग चहा मागवला.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेलच. त्याला आपण हसतो, आणि अडल्यावर त्याच्याकडेच जातो. पण स्वतःचा रजेचा अर्ज स्वतःच नामंजूर करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला. वर कोणी अधिकारी उरलाच नव्हता. म्हणून साहेबांनी अर्ज लिहिला, आवक ट्रेमध्ये ठेवला, तासाभराने तिथून उचलला, दोनदा वाचला, आणि लाल पेनाने शेरा मारला. मी विचारलं, "का हो?"

"कारण सबळ नव्हतं," ते गंभीरपणे म्हणाले. त्यांना साडूच्या नातवाच्या बारशाला धरणगावला जायचं होतं.

दुपारी ते डबा उघडत. कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्चा कांदा. निम्मं भरीत माझ्या झाकणात काढत आणि म्हणत, "घ्या, याला काही लेखी लागत नाही." वर्षभरात त्यांनी केलेला हा एवढाच विनोद, आणि तो ते रोज करत.

आठ क्वार्टर्समधली माणसं त्यांना फार मानत. त्या सगळ्यांना क्वार्टर साहेबांच्याच सहीने मिळालेली. कंपनी गेली, पगार गेले, तरी लोक तिथेच राहिले होते. कोणी रिक्षा चालवायचा, कोणी एमआयडीसीत रोजंदारीवर जायचा. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं की पत्रिकेचा मजकूर तपासायला साहेबांकडे. कोणाचा रेशनकार्डाचा घोळ असला की साहेबांकडे. साहेब त्यांना रागवायचे, अर्जाची भाषा सुधारायचे, आणि काम करून द्यायचे.

पावसाळा सरल्यावर एक दिवस शेठनी साहेबांना आणि मला वरच्या मीटिंगच्या हॉलमध्ये बोलावलं. लांबलचक टेबलावर धूळ साचलेली. शेठ टेबलाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "साहेब, मागची आठ घरं दिवाळीच्या आत मोकळी पाहिजेत. रस्ता तिथून काढायचाय. माणसं तुमचं ऐकतात, तुम्ही समजवा. मी कोणाला वाऱ्यावर सोडणार नाही. मागच्या बाजूला एकेक खोली-स्वयंपाकघराची आठ घरं बांधून देतो. वर्षाच्या आत."

साहेबांचा हात खिशाकडे गेला. पेन निघालं. टोपण अर्धं उघडलं.

शेठ उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही आता आमच्या घरातले. तुमच्या-आमच्यात कागद कशाला?"

मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या खांद्यावर कोणा मालकाने हात ठेवला नसावा. ते लाजल्यासारखे हसले. टोपण बंद झालं, पेन खिशात गेलं.

कागद झाला नाही, हे माझ्याही लक्षात आलं होतं. मीही काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून साहेब क्वार्टर्समध्ये फिरू लागले. लोक कुरकुरत होते, दिवाळी होऊ द्या, परीक्षा होऊ द्या, म्हणत होते. एकच माणूस लगेच तयार झाला, तो म्हणजे कंपनीचा जुना ड्रायव्हर. पारोळ्याच्या पुढच्या एका खेड्यातला. साहेब सांगतायत म्हटल्यावर त्याच्या लेखी प्रश्न संपला होता. चौथ्या दिवशी त्याने टेम्पो आणला. पाटा-वरवंटा, लोखंडी पेटी, दोन खाटा, शिलाई मशीन. त्याची बायको टेम्पोत बसता बसता थांबली आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, परत येवानं नक्की शे ना?"

"मी सांगतोय ना," साहेब म्हणाले.

ती बसली. टेम्पो गेला. दुसऱ्या दिवशी शेठची माणसं आली आणि त्या घराचा अर्धा स्लॅब पाडून दारं-खिडक्या काढून घेऊन गेली. उरलेल्या सात घरांनी ते पाहिलं आणि निघायची घाई आणखीच कमी केली.

जानेवारीत शेठनी मला नवा नकाशा काढायला सांगितला. बांधून द्यायची आठ घरं त्यात नव्हती. त्या जागी दुकानांची एक ओळ आणि गाड्या लावायला जागा. मी विचारलं, "आणि ती घरं?" शेठ म्हणाले, "ते बघू पुढे. तुम्ही काढा." मी काढला. माझा नवरा तेव्हा एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होता. शाळेला अनुदान आज मिळेल, उद्या मिळेल, असं करत चार वर्षं झाली होती. घर माझ्या पगारावर चाललं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगते आहे.

नकाशा माझ्या बोर्डावर लावलेला असताना साहेब चहा घेऊन आले. उभे राहून बघत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "इथे आठ घरं होती."

"शेठनी बदलायला सांगितलं."

त्यांनी कप माझ्या टेबलावर ठेवला आणि जिना चढून गेले. दहा मिनिटांत परत आले. खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"हसले. मला म्हणाले, साहेब, लेखी आहे का?"

त्यानंतर आठवडाभर त्यांनी कोणालाच तो प्रश्न विचारला नाही. भंगारवाला न विचारता आत येऊन पत्रे घेऊन गेला, ते नुसते बघत राहिले.

मग एका दुपारी डबा न उघडताच ते माझ्याकडे आले. हातात एक स्वच्छ टाइप केलेला कागद. अमुक महिन्यात, अमुक हॉलमध्ये, शेठनी आठ कुटुंबांना घरं देण्याचं कबूल केलं, ते मी ऐकलं, एवढाच मजकूर. खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ.

"मॅडम, तिथे आपण तिघंच होतो," ते म्हणाले. "तुम्ही लेखी दिलंत तर मी कलेक्टर ऑफिसला जाऊ शकतो. वकील म्हणतो, साक्षीदार पाहिजे."

मी म्हणाले, "घरी विचारते."

घरी विचारायचं काय होतं? उत्तर मला तिथल्या तिथे माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी तो कागद तसाच परत दिला. नजर वर करून बोलता येईना. "साहेब, माझी नोकरी जाईल," म्हटलं.

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "बरोबर आहे तुमचं. मी तुमच्या जागी असतो तर मीही दिलं नसतं." मग म्हणाले, "असतो तर काय. होतो की. किती वेळा होतो. कधीच दिलं नाही."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. दोन प्रतींत. शेठच्या क्लार्ककडून एका प्रतीवर 'मिळाला' असा शिक्का घेतला. आणि दोन दिवसांनी, सकाळी मी साइटवर आले तेव्हा, ड्रायव्हरच्या त्या अर्ध्या पाडलेल्या घरावर ताडपत्री बांधलेली दिसली. आत एक खाट, पाण्याचं मडकं, फायलींची ट्रंक. बाहेर वेताच्या खुर्चीत साहेब. टाय लावलेला. शेजारी स्टोव्हवर त्यांची पत्नी चहा करत होती. शहरातलं भाड्याचं घर त्यांनी सोडून दिलं होतं.

शेठ आले, चिडले. "साहेब, हा काय तमाशा?"

"आठातलं एक घर रिकामं झालं ते माझ्या शब्दावर," साहेब म्हणाले. "म्हणून मी इथे राहतो. बाकी सातांतलं कोणी आता निघणार नाही."

आयुष्यभर नियमाने चाललेला माणूस दुसऱ्याच्या जागेत घुसून बसला होता.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. शेठनी वीज तोडली. एप्रिलमध्ये पाण्याची टाकी पाडली. जळगावचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. सात घरांतल्या बायका हायवेपलीकडच्या विहिरीवरून हंडे आणत. साहेबांच्या पत्नीला दोनदा चक्कर आली. तिला धरणगावच्या त्यांच्या घरी पाठवायचं म्हटलं तर ती म्हणाली, "हे इथे आणि मी तिथे, मग भाकरी कोणी करायची?"

मी चाळीस पावलांवर होते. रोज दिसत होतं. मी एकच गोष्ट केली. बांधकामाला टँकर यायचा, त्याच्या ड्रायव्हरला सांगून रोज सकाळी दोन पिंपं क्वार्टर्सच्या मागच्या बाजूला भरायला लावली. शेठनी विचारलं, पाणी इतकं कसं लागतं? म्हटलं, ऊन फार आहे, नव्या भिंतींवर तीनदा मारावं लागतं. साहेबांना ते ठाऊक होतं. अर्ज केल्याशिवाय मेंढरांना पाणी न देणारा हा माणूस ते चोरीचं पाणी मुकाट्याने प्यायला. पहिल्या दिवशी त्यांनी लांबून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेवढंच.

रविवारी गिऱ्हाइकं प्लॉट बघायला येत. स्कूटरवरून नवरा-बायको, मध्ये मूल. साहेब कोणाला आपणहून काही सांगत नसत. पण टाय लावलेला म्हातारा पडक्या घरापुढे बसलेला पाहून लोकच विचारत, "तुम्ही इथे कसे?" मग ते सुरुवातीपासून सगळं सांगत. चढवून काही नाही. शेठच्या चांगल्या गोष्टीही सांगत. "सिमेंट उत्तम वापरतात," म्हणत. ऐकून लोक स्कूटरला किक मारत. मे महिन्यात नवं बुकिंग जवळजवळ थांबलं.

जूनच्या सुरुवातीला शेठ नमले. घरं नाहीत, पण मागच्या नाल्याकडेला लहान लहान प्लॉट, खरेदीखत करून. वकील घेऊन ते क्वार्टर्समध्येच आले. साहेबांनी मसुदा वाचला. दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि पुन्हा टाइप करायला पाठवलं. सातही कुटुंबं श्वास रोखून उभी, आणि हे ऱ्हस्व-दीर्घ बघतायत.

दुसऱ्यांदा आलेला कागद त्यांनी बोट फिरवत वाचला. थांबले. "यात सात नावं आहेत."

"सातच घरं आहेत," शेठ म्हणाले.

"ड्रायव्हरचं नाव?"

"तो कधीच निघून गेला, साहेब. जो जागेवर नाही त्याला कशाचं देऊ? त्याला घालायचं असेल तर सगळंच राहू द्या."

साहेब पेन धरून बसले. माळ्याची बायको कडेवर नातू घेऊन उभी होती. दोन महिने हायवे ओलांडून तिने पाणी आणलं होतं. ती हळूच म्हणाली, "साहेब, करा ना सही."

त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. सगळ्यांनी त्यांच्या पायाला हात लावले. ते कोणाकडेच बघत नव्हते.

आठ दिवसांनी जळगाव स्टँडवर ते मला भेटले. मी माहेरी धुळ्याला निघाले होते आणि तेही त्याच बसची वाट बघत होते. "पारोळ्याला उतरतो," म्हणाले. "त्याला सांगायला पाहिजे." एकटेच होते, फार थकलेले दिसत होते. मी म्हटलं, मी येते. बसमध्ये मी त्यांना म्हणाले, "साहेब, तो कागद द्या. आता सही करते."

"आता कोणाला द्यायचा?" ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पारोळ्याहून टमटमने खेड्यात पोचलो. ड्रायव्हर अंगणात खाट विणत होता. आम्हाला पाहून उडीच मारली त्याने. बायकोला हाक मारली, "अगं, साहेब आले!" ती पदराला हात पुसत बाहेर आली, आमच्या मागे रस्त्यावर बघू लागली आणि म्हणाली, "गाडी कोठे शे?"

तिला वाटलं, आम्ही त्यांना न्यायला आलोय. आत ओसरीवर लोखंडी पेटी तशीच दोरीने बांधलेली होती. आठ महिन्यांत तिने ती सोडली नव्हती.

साहेब उभ्याउभ्याच बोलले. एकही शब्द मागे ठेवला नाही. म्हणाले, मी शेठकडे कागद मागितला नाही, ते माझं चुकलं. सातांचं झालं, तुमचं नाही झालं. तुमचं नाव नसलेल्या कागदावर मी सही केली.

ड्रायव्हर खाली बघत दोरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "साहेब, आधी बसा. चहा घ्या." बायको मात्र हलली नाही. ओरडलीही नाही. "तुम्हीनी सांगं म्हनीसन आम्ही बठ्ठास्ना पहिले निंघनूत," साहेबांच्या सांगण्यावरून सगळ्यांच्या आधी निघालो, एवढंच म्हणाली, आणि आत गेली.

साहेब म्हणाले, "धरणगावला माझ्या घरात दोन खोल्या आहेत. त्या तुमच्या. मी लिहून देतो."

"ते तुमचं घर आहे, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "मी काय करू तिथे?"

चहा आला. बायकोने तो दारातूनच नवऱ्याच्या हातात दिला.

पुढे मी ते काम पूर्ण होईपर्यंत तिथेच राहिले. हिरवळ गेली, प्लॉट पडले, मंगल कार्यालयात लग्नं लागू लागली. साहेब धरणगावला गेले. एक-दोनदा पत्र पाठवीन म्हटलं, पाठवलं नाही. चारेक वर्षांनी माळ्याच्या घरून निरोप आला, साहेब गेले. तेराव्याला मी धरणगावला गेले.

अंगणात पंगत चालली होती. सातही घरं आली होती. वाढणाऱ्यांमध्ये तो ड्रायव्हर होता, हातात वरणाची बादली. त्याची बायको मागच्या बाजूला भांडी विसळत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तीच सांगू लागली.

साहेब दर महिन्याला त्यांच्याकडे यायचे. धरणगावहून एरंडोल, तिथून बस बदलून पारोळा, पुढे मिळेल ते वाहन. यायचे, खाटेवर तासभर बसायचे, मुलांच्या वह्या बघायचे आणि जायचे. घराचा विषय नाही. ही दोन वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आत जायची.

शेवटचे आले ते चैत्राच्या उन्हात, फाट्यापासून चालत. ड्रायव्हर शेतावर होता. आल्या आल्या बसले आणि बसल्या जागी त्यांना झोप लागली. मान कलंडली. ती थोडा वेळ दारातच उभी राहिली. मग तिने त्यांच्या पायातल्या चपला काढल्या, पाय खाटेवर उचलून ठेवले, डोक्याखाली गोधडीची घडी सरकवली, आणि विंझणा घेऊन वारा घालत शेजारी बसली. फाट्यावर चारच्या गाडीचा हॉर्न वाजला. शेजारीण येऊन म्हणाली, उठव की त्यांना, शेवटची गाडी आहे.

"मग?" मी विचारलं.

तिने हातातलं पातेलं पालथं घातलं.

"बस गयी," ती म्हणाली. "जाऊ दिधी."